चिखलाच्या शाळेत घडलेला सायकलपटू

९ जुलै १९१३. फ्रान्सच्या दक्षिण सीमेवरील पिरेनीज पर्वतराजीत तूरमाले खिंडीच्या उतारावरून एक माणूस पायी चालला होता. खांद्यावर सायकल, चेहऱ्यावर धूळ आणि डोळ्यांत संतापाचे अश्रू. काही वेळापूर्वीपर्यंत टूर द फ्रान्सचे विजेतेपद त्याच्या आवाक्यात होते. आता मागून येणारे स्पर्धक एकामागून एक त्याला ओलांडून पुढे निघून जात होते. सायकलचे पुढचे चाक धरून ठेवणारा पोलादी चिमटा तुटला होता आणि पहिले गाव बरेच खाली, दरीत होते. शर्यत सोडून देणे हाच त्या वेळी सरळ आणि सोपा मार्ग होता. त्याने तो स्वीकारला नाही.

त्या माणसाचे नाव युजेन क्रिस्तोफ. जगातील सर्वांत मोठी सायकल शर्यत त्यांनी अकरा वेळा खेळली आणि एकदाही जिंकली नाही. तरीही तिच्या इतिहासात अनेक विजेत्यांपेक्षा त्यांचे नाव अधिक आदराने घेतले जाते. हा आदर पराभूताविषयीच्या निव्वळ सहानुभूतीतून आलेला नाही. सायकल बंद पडल्यावर सायकलपटूने काय करायचे असते, हे त्यांनी दाखवून दिले. ते शिक्षण त्यांना मिळाले होते उत्तर फ्रान्सच्या हिवाळी चिखलात.

कुलपे घडविणारा कामगार

क्रिस्तोफ यांचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिस परिसरातील एका सामान्य घरात झाला. तरुणपणी त्यांनी कुलपे आणि लोखंडी जोडकाम करणाऱ्या कारागिराचा व्यवसाय पत्करला. तापलेले लोखंड कधी वळते, जोड कुठे धरतो, कानस किती चालवायची, हे ज्ञान त्यांच्या हातांत आले ते त्या कामातून. पुढे एका निर्णायक दिवशी हेच ज्ञान उपयोगी पडणार होते. १९०० नंतरच्या त्या काळात सायकल ही श्रीमंतांची चैन राहिली नव्हती. कामगार वस्त्यांतील धट्टीकट्टी मुले रविवारच्या शर्यतींत नशीब अजमावू लागली होती. क्रिस्तोफही त्याच वाटेने १९०४ च्या सुमारास व्यावसायिक सायकलपटू झाले. १९०६ साली त्यांनी प्रथमच टूर द फ्रान्समध्ये भाग घेतला आणि पहिल्याच प्रयत्नात नववा क्रमांक मिळविला.

त्या वेळची टूर आजच्यासारखी नव्हती. एकेक टप्पा तीनशे ते चारशे किलोमीटरचा असे आणि स्पर्धकांना मध्यरात्रीनंतर अंधारातच निघावे लागे. डोंगरातील रस्ते म्हणजे दगडमातीच्या गाडीवाटा. गीअर बदलण्याची यंत्रणा स्पर्धेत निषिद्ध होती. चढ आला की खाली उतरून मागचे चाक उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या दंतचक्रावर चेन चढवायची, एवढीच सोय होती. मिशाळ, ठेंगणे आणि काटक क्रिस्तोफ या जगात सहज रुळले. भरघोस मिशांमुळे त्यांना ‘म्हातारा गॉल’ असे टोपणनाव पडले.

हिवाळा आणि सायक्लोक्रॉस

आपल्याकडे चिखल म्हटला की पावसाळा आठवतो. उत्तर फ्रान्समध्ये मात्र चिखलाचा ऋतू हिवाळा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तेथे सूर्यदर्शन दुर्मीळ होते. पाऊस मुसळधार नसतो, पण थांबतही नाही. नांगरलेली शेते, जंगलवाटा आणि कुरणे पाणी धरून ठेवतात. रात्री हा चिखल गोठतो आणि दुपारी पुन्हा सैल होतो. अशा दिवसांत रस्त्यावरच्या शर्यती बंद असत. सायकलपटूंनी हिवाळ्यात शरीर तयार ठेवायचे कसे, या गरजेतून एक नवा क्रीडाप्रकार जन्माला आला. त्याचे नाव सायक्लोक्रॉस.

या खेळाची कल्पना साधी होती. रस्ता सोडायचा, शेत, ओढा, कुंपण, जंगल यांतून वाट काढायची. जिथे चाक फिरेल तिथे सायकल चालवायची आणि जिथे ते रुतेल तिथे ती खांद्यावर टाकून धावायचे. दानिएल गुसो या लष्करी जवानाने या खेळाला संघटित रूप दिले आणि १९०२ साली फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रारंभी रस्त्यावरचे नामवंत सायकलपटू याकडे हिवाळी व्यायाम म्हणूनच पाहत. १९१० ची टूर जिंकणाऱ्या ओक्ताव्ह लापीझ यांनी आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील सायक्लोक्रॉसला दिले, तेव्हा या खेळाची प्रतिष्ठा वाढली.

या चिखलाचे अनभिषिक्त सम्राट मात्र क्रिस्तोफच होते. १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षे ते फ्रान्सचे सायक्लोक्रॉस विजेते ठरले. महायुद्धानंतर १९२१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी सातव्यांदा हे अजिंक्यपद मिळविले.

चिखलातील सायकलिंग वेगापेक्षा वेगळ्या गुणांची परीक्षा घेते. ओली माती टायरला चिकटते, चिमटा आणि चाक यांच्या मधल्या फटीत साचते आणि पाहता पाहता चाक अडवते. चेनमध्ये वाळू शिरते, ब्रेकची पकड सुटते. बोटे बधिर झाल्यामुळे साधा टायर बदलणेही कठीण होऊन बसते. आज सायक्लोक्रॉसचे स्पर्धक मार्गातील ठरावीक ठिकाणी चिखलाने माखलेली सायकल टाकून धुतलेली दुसरी सायकल घेतात. त्यांचे सहायक पाण्याच्या फवाऱ्यासह सज्ज असतात. क्रिस्तोफ यांच्या पिढीला ही चैन ठाऊक नव्हती. सायकलवरून उतरावे लागणे हा या खेळात अपशकुन नसतो, शर्यतीचाच तो एक भाग असतो. हिवाळ्यामागून हिवाळे क्रिस्तोफ यांच्या अंगी हीच सवय मुरली.

सान रेमोचा बर्फ

या सवयीची पहिली मोठी कसोटी इटलीत लागली. ३ एप्रिल १९१० रोजी मिलान ते सान रेमो ही सुमारे २९० किलोमीटरची शर्यत सुरू झाली, तेव्हा खरे तर वसंत ऋतू लागला होता. पण त्या वर्षी थंडीने जाण्याचे नाव घेतले नव्हते. मिलानमधून साठहून अधिक स्पर्धक पावसात आणि बोचऱ्या वाऱ्यात निघाले. रस्त्यावर चिखल आणि अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा झाला होता. समुद्राकडे उतरण्यापूर्वी ओलांडाव्या लागणाऱ्या तुर्किनो खिंडीत तर सर्वत्र बर्फ साचला होता. एकामागून एक स्पर्धक घरांचा, धर्मशाळांचा आसरा घेऊ लागले. आघाडीवर असलेला बेल्जियमचा सिरील व्हान हौवार्टही अखेर थांबला.

क्रिस्तोफ यांची अवस्था वेगळी नव्हती. पोटात कळा येत होत्या, हातपाय लाकडासारखे झाले होते. काही अंतर त्यांनी बर्फातून सायकल ढकलत कापले आणि शेवटी ते रस्त्याच्या कडेला गलितगात्र होऊन थांबले. एका स्थानिक माणसाने त्यांना जवळच्या खाणावळीत नेले, ओले कपडे उतरवले, घोंगडीत गुंडाळले आणि गरम पेय दिले. त्या उबेत बसून राहण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्या खाणावळीत आलेल्या इतर स्पर्धकांना तो झालाही. क्रिस्तोफ यांनी मात्र थोडी हालचाल करून अंगात ऊब आणली, एक लांब विजार मिळवली आणि खाणावळवाल्याचा विरोध न जुमानता ते पुन्हा रस्त्याला लागले.

१२ तास २४ मिनिटांनी ते सान रेमोला पोहोचले, तेव्हा आपण पहिले आहोत याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. अधिकृत निकालात त्यांच्यानंतरचा स्पर्धक सुमारे एक तासाने आला आणि यादीत एकूण नावे लागली ती अवघी चार. या विजयाची किंमतही मोठी होती. हिमदंशामुळे त्यांना जवळपास महिनाभर रुग्णालयात राहावे लागले आणि पूर्वीची प्रकृती परत यायला दीर्घकाळ लागला. त्या वर्षीच्या टूरमध्ये ते सहभागी होऊ शकले नाहीत.

गुणांचे गणित

१९१२ साल उजाडले तेव्हा क्रिस्तोफ ऐन भरात होते. त्या वर्षीच्या टूरमध्ये त्यांनी सलग तीन टप्पे जिंकले. आल्प्समधून ग्रेनोबलला जाणाऱ्या टप्प्यात तर ते ३१५ किलोमीटर एकटेच आघाडीवर होते. मात्र त्या काळी टूरचा निकाल वेळेवर ठरत नसे, प्रत्येक टप्प्यातील क्रमांकानुसार गुण दिले जात. स्पर्धकाने दुसऱ्याला एक मिनिटाने मागे टाकले काय किंवा एका तासाने, गुणांतील फरक तेवढाच राही. एकट्याने दिवसभर पुढे राहण्याचे मोल या गणितात फारसे नव्हते. बेल्जियमचा ओदिल देफ्राय विजेता ठरला आणि क्रिस्तोफ दुसरे आले. वेळेचा हिशेब केला असता, तर ते अखेरच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर राहिले असते.

पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि टूरचा निकाल पुन्हा वेळेवर लागू लागला. क्रिस्तोफ यांच्यासारख्या सायकलपटूला हा बदल वरदान ठरेल, अशी चिन्हे होती. घडले ते नेमके उलट.

साँत-मारीची भट्टी

१९१३ च्या टूरमधील बायोन ते ल्युशाँ हा ३२६ किलोमीटरचा टप्पा सर्वांत खडतर मानला जात होता. सुरुवातीला देफ्राय क्रिस्तोफ यांच्यापेक्षा सुमारे पाच मिनिटांनी पुढे होता. वाटेत त्याने शर्यत सोडली. तूरमालेच्या २,११५ मीटर उंच माथ्याकडे जाताना क्रिस्तोफ प्रत्यक्षात टूरचे आघाडीवीर झाले होते. त्यांच्या पुढे फिलिप थीस होता, पण एकूण वेळेत तो मागे होता. उतार सुरू झाला आणि काही अंतरावर पुढचा चिमटा तुटला.

नियम कठोर होता. स्पर्धकाने स्वतःची सायकल स्वतःच दुरुस्त करायची आणि कोणाचीही मदत घ्यायची नाही. दुसरी सायकल घेण्याचा प्रश्नच नव्हता. क्रिस्तोफ यांनी सायकल खांद्यावर टाकली आणि पायवाटांचे आडमार्ग शोधत ते खाली निघाले. दहा किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी सुमारे दोन तासांत पार केले आणि साँत-मारी-द-कांपाँ हे गाव गाठले. एका मुलीने त्यांना लोहाराच्या भट्टीची वाट दाखविली.

लोहार मदतीला तत्पर होता. पण क्रिस्तोफ यांच्या मागोमाग शर्यतीचे निरीक्षकही तेथे येऊन उभे राहिले होते. हत्याराला हात लावायचा तो फक्त स्पर्धकाने. लोहाराने तोंडी सल्ला दिला, लोखंड दिले. भट्टी, ऐरण आणि हातोडा क्रिस्तोफ यांच्या स्वाधीन झाला. तरुणपणी कुलपांच्या कामावर बसलेला हात पुन्हा चालू लागला. तुटलेल्या नळीला योग्य जाडीची नळी जोडायची, तापवायची, ठोकायची, भोके पाडायची. या कामाला कित्येक तास लागले. दोन्ही हात गुंतलेले असताना भट्टीची आच टिकविण्यासाठी एका लहान मुलाने भाता चालविला. निरीक्षकांनी तेवढीही मदत नोंदवून घेतली आणि क्रिस्तोफ यांना दहा मिनिटांचा दंड केला. नंतर तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. तासांचे नुकसान सोसलेल्या माणसाला या सवलतीचा उपयोग नव्हता.

काम संपताच क्रिस्तोफ यांनी खिशात पाव कोंबला आणि ते उरलेले दोन डोंगर चढायला निघाले. ल्युशाँला पोहोचले तेव्हा थीसच्या मागे तीन तास पन्नास मिनिटे झाली होती. तो टप्पा थीसने जिंकला होता आणि पुढे ती टूरही त्यानेच जिंकली. क्रिस्तोफ पॅरिसमध्ये सातवे आले. वर्षभरापूर्वी गुणांच्या पद्धतीत मोठी आघाडी निरुपयोगी ठरली होती, आता वेळेच्या पद्धतीत एका दिवसाचा अपघात सारे काही घेऊन गेला.

निरीक्षकांचे वागणे नियमाला धरून होते, हे मान्य करावे लागेल. त्याच नियमामुळे एका सायकलपटूच्या अंगी किती कौशल्ये असावी लागत, हेही जगाला दिसले. पायी चालण्याचे बळ चिखलाने दिले होते आणि हातोडा चालविण्याचे कामगाराच्या पेशाने. या दोन्हींपैकी एक नसते, तर ती सायकल पुन्हा रस्त्यावर आली नसती.

पिवळ्या जर्सीचा पहिला मानकरी

१९१४ ची टूर संपता संपता पहिले महायुद्ध पेटले. लापीझसह तीन माजी टूर विजेते या युद्धात मारले गेले. १९१९ मध्ये टूर पुन्हा सुरू झाली, तेव्हा क्रिस्तोफ ३४ वर्षांचे होते. उत्तर फ्रान्समधील रस्ते तोफांनी उखडले होते. टायरपासून अन्नापर्यंत प्रत्येक गोष्टीची टंचाई होती. ६७ स्पर्धक निघाले आणि अधिकृत निकालात उरले अवघे दहा.

या टूरमध्ये क्रिस्तोफ आघाडीवर होते. आघाडीचा स्पर्धक लोकांना ओळखू यावा, म्हणून संयोजक आंरी देग्रांज यांनी त्याला वेगळ्या रंगाची जर्सी देण्याचे ठरविले. स्पर्धा भरविणारे ‘लोतो’ हे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे, तोच रंग जर्सीचा झाला. १९ जुलै १९१९ रोजी ग्रेनोबल येथे पहाटेच्या अंधारात क्रिस्तोफ यांनी ती अंगावर चढविली. आज जगभर सन्मानाचे चिन्ह बनलेली ही जर्सी पहिल्या मानकऱ्याला मात्र फारशी रुचली नव्हती. रस्त्याकडेचे लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणून चिडवत.

अखेरचे दोन टप्पे उरले होते आणि क्रिस्तोफ यांच्याकडे २८ मिनिटांची आघाडी होती. मेझ ते डंकर्क हा ४६८ किलोमीटरचा टप्पा फरसबंदीच्या, युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या रस्त्यांवरून जात होता. व्हालाँसिएन शहराजवळ चिमटा पुन्हा तुटला. या वेळी जवळच सायकलींचा एक छोटा कारखाना होता. तरीही दुरुस्तीत तासाहून अधिक वेळ गेला आणि पिवळी जर्सी फिरमँ लांबो याच्याकडे गेली. अखेरच्या टप्प्यात वारंवार झालेल्या पंक्चरमुळे दुसरा क्रमांकही हुकला. क्रिस्तोफ तिसरे आले.

फ्रान्समधील सामान्य माणसाला हे सहन झाले नाही. ‘लोतो’ने क्रिस्तोफ यांच्यासाठी निधी उभारण्यास सुरुवात केली आणि देशभरातून देणग्या येऊ लागल्या. छोट्या-मोठ्या रकमा मिळून तेरा हजार फ्रँकहून अधिक निधी जमला. युद्धातून होरपळून निघालेल्या लोकांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दिलेले हे पैसे होते. घर, शेत, माणसे गमावूनही नव्याने उभे राहू पाहणाऱ्या त्या देशाला तुटलेली सायकल स्वतः सांधून पुढे जाणारा माणूस आपला वाटला, यात नवल नाही.

तिसऱ्यांदा तोच घाव

वय वाढत होते, तरी क्रिस्तोफ थांबले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी पॅरिस-तूर शर्यत जिंकली. बोर्दो ते पॅरिस ही सुमारे सहाशे किलोमीटरची प्रदीर्घ शर्यत तर १९२० आणि १९२१ अशी सलग दोन वर्षे जिंकली. १९२२ च्या टूरमध्ये त्यांनी पुन्हा पिवळी जर्सी परिधान केली, तेव्हा त्यांचे वय ३७ वर्षांचे होते. ती घालणारा सर्वांत वयस्क सायकलपटू हा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. त्याच टूरमध्ये आल्प्समधील गॅलिबिए खिंड उतरताना तिसऱ्यांदा चिमटा तुटला. क्रिस्तोफ पुन्हा पायी चालू लागले आणि त्यांनी तीही टूर पूर्ण केली. १९२५ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते अखेरची टूर खेळले आणि अठरावे आले.

निवृत्तीनंतर त्यांचे नाव एका वेगळ्याच मार्गाने घरोघरी पोहोचले. पॅडलवर पाय घट्ट राहावा म्हणून वापरल्या जाणाऱ्या धातूच्या पकडी आणि चामडी पट्टे ‘क्रिस्तोफ’ या नावाने विकले जात. १९८० च्या दशकात बुटाला थेट अडकणारी पॅडल आली, तोवर जगभरातील व्यावसायिक आणि हौशी सायकलपटूंचे पाय या पट्ट्यांनी बांधलेले असत. त्यांपैकी अनेकांना ते नाव एका हाडामांसाच्या माणसाचे आहे, याची कल्पनाही नसेल.

ज्या चिखलात ते घडले, त्या खेळाचेही दिवस पालटले. हिवाळी व्यायाम म्हणून सुरू झालेल्या सायक्लोक्रॉसची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली आणि फ्रान्सच्याच जाँ रोबिकने ती जिंकली. आज बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ऐन थंडीत हजारो लोक चिखलात उभे राहून या शर्यती पाहतात.

साँत-मारी-द-कांपाँ या गावाने आपल्या पाहुण्याला विसरू दिले नाही. १९५१ मध्ये तेथे स्मृतिफलक लावण्यात आला, तेव्हा ६६ वर्षांचे क्रिस्तोफ स्वतः गावात आले होते. ज्या गावात त्यांनी टूर गमावली, त्याच गावाने त्यांचे स्मारक उभारावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १ फेब्रुवारी १९७० रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच गावात त्यांचा पुतळाही बसविण्यात आला. तूरमालेच्या चढाला लागणारे हौशी सायकलस्वार आजही तेथे क्षणभर थांबतात. पुतळ्यातील क्रिस्तोफ सायकलवर स्वार झालेले नाहीत, त्यांच्या हाती तुटलेला चिमटा आहे.